ढोम्याचा मागचा अर्धा

डोक्याने सवयीने दोन खाटांची खोली घेतली होती. लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने किल्ली पुढे सरकवली आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे दोन अवाढव्य बॅगा होत्या, माणूस नव्हता.

"दुसरे साहेब मागून येतायत का?"

"इतकी वर्षं मागूनच यायचे," डोक्या म्हणाला. "यंदा नाहीत."

काउंटरवाला हसला नाही. हसण्यासारखं त्यात होतं तरी काय?

डोक्या हे त्याचं मेळ्यात पडलेलं नाव. एरवी तो गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. गॅरेजमागची पत्र्याची शेड, जाड रेक्झिन, जाड सुई आणि दिवसभर कानात मशीनचा खडखडाट. पन्नाशीला टेकलेला. बायको नाही, पोरं नाहीत, पाठीत कायमची उसण. कॉमिक्सचा मेळा भरायचा त्या शनिवार-रविवारी तेवढा तो माणसांत यायचा. आणि तेही जनावर होऊन.

जनावराचं नाव ढोम्या. डोक्या लहान असताना दर महिन्याला एक कॉमिक निघायचं, खाणीत हरवलेल्या एका मुलीचं. तिला पाठीवर घेऊन बोगद्यांतून हिंडणारा, दिवे खाणारा, खवलेदार अंगाचा मुका प्राणी म्हणजे ढोम्या. ते कॉमिक बंद पडूनही जमाना झाला. मेळ्यातल्या बहुतेकांना आता ढोम्या म्हणजे गेंडा वाटायचा. वाटू दे. डोक्याने फोम, रेक्झिन आणि मोडीत निघालेल्या सीटांचा माल वापरून तो असा शिवला होता की ज्याला माहीत आहे त्याने बघताक्षणी ओळखावा. चार पाय म्हणजे दोन माणसं. पुढच्या अर्ध्यात डोक्या. त्याच्या डोक्यावर जबडा, जबड्यात बाहेर बघायची जाळी. मागच्या अर्ध्यात, कमरेत वाकून, पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरून चालणारा शेपट्या.

शेपट्या दवाखान्यात एक्सरे काढायचा. दोघांची ओळख फार जुनी, एका स्टॉलवर जुन्या अंकांच्या एकाच गठ्ठ्यावर दोघांचे हात पडले तेव्हापासूनची. वर्षभर फोनवर "काय रे" आणि "काही नाही रे" एवढंच. पण मेळा कधी चुकला नाही. स्टेजवर चढायच्या आधी मागून एक्सरेच्या खोलीतला तो आवाज यायचा, "श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका..." आणि डोक्याला जबड्यात हसू आवरायचं नाही.

यंदा ढोम्याचा चित्रकार येणार होता. म्हातारा, थकलेला, घराबाहेर न पडणारा माणूस. रविवारी वेशभूषेची फेरी निघेल तेव्हा तो पहिल्या रांगेत बसणार होता. बातमी फुटली त्याच दिवशी शेपट्याचा फोन आला होता.

"ऐक ना. यंदा मी पुढे राहू का? एकदाच."

"अरे, जबडा माझ्या मापाचा आहे. तुझं डोकं त्यात बसायचं नाही."

पलीकडून "बरं." पुढे काही आठवड्यांनी मेसेज आला, यंदा मला जमणार नाही.

मापाचा प्रश्न होता, बस्स. डोक्याने हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते घासून घासून गुळगुळीत झालं होतं. आणि गुळगुळीत झालेली गोष्ट खरी वाटायला लागते.

शनिवारी सकाळी तो दोन्ही बॅगा ओढत प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरला. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी त्याला ओळखायची.

"काका, जोडीचा पोशाख ना? जोडीदार कुठेय?"

"येईल उद्या."

"उद्या दोघं समोर उभे राहिल्याशिवाय नंबर मिळायचा नाही हं. अर्धा प्राणी स्टेजवर सोडत नाही आम्ही." ती स्वतःच्याच विनोदावर खूश झाली.

डोक्याही हसला. मग त्याने हॉलकडे पाहिलं. पंख, शिंगं, चिलखतं, रंगवलेले चेहरे. जो तो दुसऱ्याला "कसला भारी!" म्हणत होता, शेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता, आणि फोटो निघाला की फोनमध्ये आधी स्वतःला बघत होता. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही ती सगळी माणसं इथे गोळा होतात, आणि कशाला? तर दिसायला. बघायला इथे कुत्रंही आलेलं नसतं. हजारो माणसं एका छताखाली, आणि प्रत्येक जण आपापल्या आरशात. याला मेळा म्हणतात.

त्या गर्दीत त्याला शेपट्या दिसला.

आधी ओळखलाच नाही, कारण शेपट्याचा चेहरा मेळ्यात असा उघडा त्याने फारसा पाहिलाच नव्हता. गालाला काजळी फासलेली, अंगात जुना कोट, हातात काठीला टांगलेला दिवा. त्याच कॉमिकमधला दिवेवाला, चार-दोन पानांपुरता येणारा. दोन मुलं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. शेपट्या दिवा उंच धरून हसत होता. तो असा, खांदे मोकळे सोडून, ताठ उभा राहिलेला डोक्याने कधी पाहिला नव्हता.

मुलं गेली. डोक्या समोर जाऊन उभा राहिला.

"काय रे."

"काही नाही रे," शेपट्या म्हणाला. दिवा खाली आला.

"जमणार नाही म्हणाला होतास."

"मागे जमणार नाही म्हणालो."

"तसं लिहिलं नव्हतंस."

"लिहायला कशाला हवं? तुला कळलं होतं."

डोक्याने बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला. "हे बघ, उद्याचा दिवस फक्त. म्हातारा येतोय. त्याने ढोम्या बघायला हवा की नको?"

"हवा ना. मी कुठे नाही म्हणतोय? दे जबडा."

"अरे, मापाचं..." तोंडातून निघून गेलं.

शेपट्या हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी रोज लोकांच्या कवट्या बघतो, डोक्या. मला मापं सांगू नकोस. जा, दुसरं ढुंगण शोध."

आणि दिवा उंच करून तो गर्दीत गेला. डोक्या तोंडात मारल्यासारखा तिथेच उभा. मग त्याला राग आला. राग बरा असतो, त्याच्या आड बाकीचं सगळं लपवता येतं. एवढा ढोम्या शिवला कोणी? बोटांना सुया कोणी टोचून घेतल्या? आणि याला पुढे यायचंय! जा मेल्या, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही.

अडत होतं. दुपारभर तो मागच्या अर्ध्यासाठी माणूस शोधत फिरला.

चांदीचं चिलखत घातलेला एक जण म्हणाला, "मागे? म्हणजे माझा चेहरा दिसणार नाही?"

"नाही."

"हात?"

"नाही."

"मग मी आहे हे लोकांना कळणार कसं?"

एका जोडप्याने आपसात बघून खांदे उडवले. पाणी वाटणारा स्वयंसेवक म्हणाला, "काका, मला कंबरदुखी आहे." जुन्या अंकांचा दुकानदार तर तोंडावरच फिस्सकन हसला. तो त्या दोघांना सुरुवातीपासून ओळखत होता. "अहो, आख्खा दिवस वाकून कोणाच्या तरी पार्श्वभागाकडे तोंड करून चालायचं! तुमचा तो मित्र म्हणजे संत होता. भांडलात की काय?"

"मापाचा प्रश्न आहे," डोक्या म्हणाला. दुकानदाराला काही कळलं नाही. त्याने कळून घ्यायचाही प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी लॉजवर येऊन त्याने रिकाम्या खाटेवर ढोम्याचा मागचा अर्धा पसरला आणि स्वतःच्या खाटेवर बसून गार झालेलं सँडविच खाल्लं. ताईचा फोन आला.

"पोचलास का रे? जेवलास? तो आलाय ना तुझा मित्र?"

"हो, हो."

"दे त्याला फोन. बोलते दोन शब्द."

"अंघोळीला गेलाय."

"बरं. लग्नाचं वय उलटून गेलं तुझं, गेंड्याचं वय काही उलटेना."

"गेंडा नाही गं ताई. ढोम्या."

"तेच ते."

फोन ठेवल्यावर अंघोळीच्या खोलीतून नळ ठिबकल्याचा आवाज येत होता. जणू खरंच कोणी आत होतं.

रविवारी सकाळी तो हॉलच्या मागच्या बाजूला दुरुस्तीच्या टेबलापाशी बसला. मेळ्यात मोडलेले पंख, तुटलेल्या तलवारी, फाटलेल्या झुली जोडायला असं एक टेबल असतं. नेहमीचे लोक त्याला दवाखाना म्हणतात. सुई-दोरा सोबतच होता. दवाखान्यात येणाऱ्यांतलं कोणी तरी गळाला लागेल, हा हिशोब. फेरी दुपारी होती. जीव टांगणीला लागला होता आणि हात दुसऱ्यांचे पंख शिवत होते.

दुपार होत आली तेव्हा एक बाई आली. रुंद बांध्याची, पायांत सपाट सँडल, खांद्यावर जाळीचा निळा पंख.

"हे शिवून मिळेल का हो? लेकीचा आहे. ती स्वतः यायची नाही. मी इथे आलेय हेच तिला मान्य नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'आई, तू लांब राहा.' मी आपली लांब. सकाळपासून इतकी लांब आहे की ती कुठेय तेच आता मला माहीत नाही."

ती शाळेची बस चालवायची. तो शिवत असताना तिने हे सांगितलं, बसच्या गिअरबद्दल सांगितलं, मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांबद्दल सांगितलं. मग तिची नजर उघड्या बॅगेकडे गेली.

"हा गेंडा कोणाचा?"

"गेंडा नाही. ढोम्या."

"बरं, ढोम्या. असा निपचित का पडलाय? मेला की काय?"

डोक्याने सांगितलं. म्हातारा येतोय, मागचा माणूस नाही, अर्धा प्राणी स्टेजवर सोडत नाहीत. मापाचं काही तो बोलला नाही.

"एवढंच ना? मी येते की," बाई म्हणाली. डोक्याचा चेहरा उजळतोय तोच तिने हात वर केला. "पण मागे नाही हं. गाडी मी चालवत नसले ना, तर मला उलटी होते. नवऱ्याच्या गाडीत मी पिशवी घेऊन बसते. मागे घालाल तर तुमच्या जनावरात ओकेन."

"पण जबडा माझ्या मापाचा..."

बाईने जबडा उचलून डोक्यावर घेतलाही होता. आतला सांगाडा म्हणजे बांधकामावरचं साधं हेल्मेट, त्यावर फोम चढवलेला. तिने मान इकडे-तिकडे हलवली, हात मागे नेला.

"सैल आहे जरा. ही चक्री फिरवायची ना?" कर्रकर्र आवाज झाला. "झालं. बसला की! तुम्ही उगाच घाबरवता."

ती चक्री त्यानेच बसवली होती. कुठलंही डोकं बसावं म्हणूनच ती असते.

असं होतं सगळं. एका परक्या बाईने चक्री फिरवली आणि गुळगुळीत झालेली ती गोष्ट मोडून पडली. आता मागे फिरायला वेळ नव्हता. शेपट्याला शोधून काढावं, जबडा त्याच्या हातात द्यावा, हे त्याच्या मनात आलं का? आलं. पण बाहेर नंबर पुकारत होते, आणि खरं सांगायचं तर त्याची हिंमत झाली नाही. नोंदणीच्या टेबलासमोर बाईबरोबर उभं राहून त्याने नंबर घेतला आणि तो मागच्या अर्ध्यात शिरला. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईने पाठीवरची चेन ओढली.

आत काळोख होता. रेक्झिन तापलेलं, फोम ओला वाटावा इतका दमट. आणि वास. कंबरेला चोळायच्या मलमाचा जुना, मुरलेला वास. डोक्याला तो वास ओळखीचा होता, पण तो इथून येतो हे ठाऊक नव्हतं. वाकून पट्टा धरला तशी पाठीतली उसण ओरडून उठली. डावा हात आधारासाठी पोटाकडच्या रेक्झिनला लागला आणि बोट एका भोकात गेलं.

शिवणीत भोक? त्याच्या शिवणीत? त्याने चाचपून पाहिलं. कोणीतरी शिवण थोडी उसवून, कड आत दुमडून, भोवती टाके घातले होते. वेडेवाकडे, नवशिक्याचे, पण जपून घातलेले. डोक्याने तिथे डोळा लावला. हॉलचा गालिचा दिसला आणि बाईच्या सँडलच्या टाचा. बाकी काही नाही. इतक्या मेळ्यांत शेपट्याने काय पाहिलं असेल तर एवढंच. डोक्याच्या टाचा.

"श्वास घ्या..." डोक्या पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चला."

"सुटलो हं," पुढून आवाज आला. "सरळ जातोय. डावीकडून एक कॅमेरावाला आडवा आलाय, थांबा... गेला मेला. चला. आता उजवीकडे वळण. हळू घेते. मागचे येतायत ना?"

"येतोय."

"बोलत राहा, मागून आवाज आला नाही की मला काळजी वाटते. आता पायऱ्या. एक, एक, सावकाश. चढले का मागचे?"

"चढलो."

डोक्याने आजवर शेपट्याला पट्ट्याचे हिसके दिले होते. एक हिसका डावीकडे, दोन हिसके उजवीकडे, बैलाला देतात तसे. पुढे काय आहे, कोण टाळ्या वाजवतंय, कोणती पोरं हरखलीत, यातलं एक अक्षर कधी मागे कळवलं नव्हतं. सुचलंच नाही. ही बाई रोज पोरांची ने-आण करते, तिला गाडी चालवताना मागच्यांशी बोलायची सवय. एवढाच फरक. फार मोठं काही नव्हतं ते. कोणालाही जमलं असतं.

"टाळ्या वाजतायत हो!"

"ऐकू येतंय."

"पहिल्या रांगेत ते टोपीवाले म्हातारे. तेच ना? उठले बघा. दोघांनी धरलंय त्यांना. अगंबाई, वर येतायत. अहो, रडतायत ते!"

डोक्याने भोकाला डोळा लावला. टाचा. गालिचा. मग एका काठीचं टोक आणि दोन जुने, नीट पॉलिश केलेले बूट.

"ढोम्या," एक बारीक, थरथरता आवाज म्हणाला. गेंडा नाही. ढोम्या. "अरे, ढोम्या... तुम्ही बनवलात हा?"

"नाही, नाही, मी कुठली! मागे आहेत ते!" बाई ओरडली, पण स्पीकरवर पुढच्या नंबराचं संगीत दणदणायला लागलं होतं. डोक्याच्या पाठीवर काहीतरी पडलं. फोमच्या पलीकडून, अगदी हलकं, जणू भिंतीपलीकडल्या खोलीत कोणी दार वाजवतंय. हात होता तो. एकदा, पुन्हा एकदा. थोपटत होता.

डोक्याने चेन शोधायला हात मागे नेला. आत सगळं सपाट. चेन बाहेरून होती. दिसायला चांगलं दिसावं म्हणून त्याने खवल्याखाली झाकून, फक्त बाहेरून उघडेल अशी ती बसवली होती. आतल्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येईल का, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"उघडा!" तो आतून फोमवर बुक्क्या मारत ओरडला. "अहो बाई, उघडा!"

"थांबा, थांबा, जबडा निघेना. ही चक्री उलटी कुठे..."

तो बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. स्टेजवर पुढचा नंबर चढला होता. हॉलच्या दारातून दोन माणसांच्या आधाराने एक टोपी बाहेर चालली होती. त्याने टोपीची मागची बाजू पाहिली. मग तीही गेली.

"छान माणूस हो," बाई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हात किती मऊ होते त्यांचे! माझा हात सोडेनात."

गर्दीतून एक मुलगी एकाच पंखाने धावत आली. "आई, ती तू होतीस? खरंच तू?" ती आईला मिठी मारतच हसायला लागली. "फोटो काढ, फोटो काढ, जबडा घाल परत!" त्यांनी फोटो काढले. बाईने डोक्याला "बरंय हं" केलं, शिवलेला पंख लेकीच्या पाठीला लावला, आणि दोघी बोलत बोलत निघून गेल्या. लांब राहायचं संपलं होतं.

डोक्या दोन बॅगा भरून बसस्टॉपवर उभा असताना फोन थरथरला. शेपट्या.

*मागे कोण होतं? पाय उशिरा पडत होते.*

म्हणजे तो प्रेक्षकांत होता. म्हणजे त्याने पाहिलं.

*मी*, डोक्याने लिहिलं.

मग आलं, *दिसलं काही?*

डोक्याने लिहिलं, भोक सापडलं. खोडलं. चक्रीबद्दल लिहिलं, तेही खोडलं. पुढच्या वर्षी तू, एवढं लिहून थांबला, आणि ते त्याला भीक घातल्यासारखं वाटलं, म्हणून तेही खोडलं. शेवटी *नाही*, एवढंच गेलं.

खुणा निळ्या झाल्या. वाचलं होतं. उत्तर आलं नाही.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. पुढच्या अर्ध्याची बॅग त्याने वर टाकली. मागचा अर्धा मांडीवर घेतला, खिशातून शिवण उसवायचा आकडा काढला आणि चेनचे टाके एकेक करून उसवायला लागला. दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन लावायची. ती शेडमध्ये होती, एका जुन्या सीटकव्हरची. भोकाच्या वेड्यावाकड्या टाक्यांना त्याने हात लावला नाही. उतरेपर्यंत फोन दोनदा काढून पाहिला.

शेजारचा माणूस बराच वेळ बघत होता.

"काय हो, गेंडा का?"

डोक्याने मान वर केली नाही. "मागचा अर्धा," तो म्हणाला.